जुळणीची विद्या

न जमणाऱ्या माणसांना एकत्र आणण्याच्या खटपटीला आपल्याकडे आवळ्याची मोट बांधणे म्हणतात. दोरी सुटली की आवळे चहूकडे घरंगळतात आणि मोट म्हणून काही उरत नाही. माणसांच्या बाबतीत जे खरे, ते यंत्रांच्या बाबतीतही खरे आहे, याचा अनुभव विहिरीवर तेलाचे इंजिन चालवणाऱ्या शेतकऱ्याला पुष्कळदा आलेला असतो. ऐन उन्हाळ्यात इंजिनाचे हेड तडकते. नवे मिळायला आठ-दहा दिवस लागणार असतात आणि ऊस तर पाण्यावाचून करपत असतो. मग कोणीतरी तालुक्याच्या मोडबाजारातून दुसऱ्या इंजिनाचे हेड पैदा करतो. कंपनी तीच, अश्वशक्ती तीच. बोल्टांची भोकेही बरोबर जुळतात. फक्त हवा आत नेणाऱ्या नळीचे तोंड सूतभर बाजूला सरकलेले असते. जाड पॅकिंग घालून आणि बोल्ट करकचून आवळून ते बसवले जाते. इंजिन सुरू होते, पाणी पाटाला लागते, सर्वांना हायसे वाटते. पण त्या सूतभर फटीतून धुळीची हवा गाळणीला चुकवून आत शिरत असते. काही महिन्यांत इंजिन धूर ओकू लागते, तेल पिऊ लागते, आणि ज्या हेडसाठी एवढा खटाटोप केला त्याच्याबरोबर सिलिंडरही झिजून वाया जातो.

विहिरीवरचे इंजिन थांबले तर पिकाचे नुकसान होते. ते कमी नव्हे. परंतु इंजिन थांबल्यावर माणूस जमिनीवरच उभा असतो. हीच चूक विमानाच्या इंजिनात झाली तर काय होईल, हे सांगण्याची आवश्यकता नाही. आपल्या देशातील विमानविद्येचा आरंभ ज्या शहरात झाला, त्या बंगळुरात पहिली काही वर्षे नेमका हाच प्रश्न रोजच्या रोज सोडवावा लागत होता. मोडीत निघालेल्या, जखमी झालेल्या, निरनिराळ्या कारखान्यांतून आलेल्या इंजिनांचे भाग पारखून त्यांतून विश्वासाने आकाशात जाईल असे एक इंजिन उभे करणे, हा तो प्रश्न होय. नव्या विमानांच्या इतिहासात या कामाचा उल्लेख ओझरता येतो. म्हणून आज त्याच्याविषयी थोडे विस्ताराने बोलावे, असे मनात आहे.

या कथेचा प्रारंभ एका सोलापूरकर उद्योजकापासून होतो. शेठ वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ साली सोलापूरला झाला. बांधकाम, साखर आणि जहाजे या क्षेत्रांत नाव मिळवल्यावर १९३९ साली परदेशच्या प्रवासात त्यांची विल्यम पॉली या अमेरिकन विमान-व्यवसायिकाशी गाठ पडली. महायुद्ध पेटले होते. हिंदुस्थानात विमानांचा कारखाना का निघू नये, हा विचार त्या भेटीतून वालचंदांच्या मनात पक्का झाला. जागेचा शोध घेता घेता ते म्हैसूर संस्थानाकडे वळले. दिवाण सर मिर्झा इस्माईल यांनी जमीन देऊ केली, संस्थानाने भांडवलातही वाटा उचलला, आणि २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट लिमिटेड ही कंपनी नोंदली गेली. अधिकृत भांडवल चार कोटी रुपयांचे होते. लवकरच केंद्र सरकारही भागीदार झाले. १९४१ साली या कारखान्यात जुळवलेले हार्लो जातीचे एक शिकाऊ विमान उडाले आणि १९४२ साली कर्टिस हॉक जातीचे लढाऊ विमान उडाले. सारे भाग अमेरिकेतून आलेले होते. जुळणी मात्र येथे झाली होती. जुळणी हा शब्द या कारखान्याच्या नशिबी पहिल्या दिवसापासून लिहिलेला होता असे म्हणायला हरकत नाही.

पुढे लवकरच युद्धाने कारखान्याची दिशा बदलली. जपानी सैन्य ब्रह्मदेशापर्यंत आले. नवी विमाने बांधीत बसण्यापेक्षा असलेली विमाने हवेत ठेवणे अधिक निकडीचे ठरले. १९४२ च्या एप्रिलमध्ये सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेतला, आणि १९४३ साली कारखान्याचे व्यवस्थापन अमेरिकन वायुसेनेकडे गेले. तेथून युद्धाच्या अखेरीपर्यंत बंगळूर हे या आघाडीवरील विमानांचे मोठे दुरुस्तीकेंद्र झाले. कॅटलिना जातीची समुद्री विमाने बेळ्ळंदूरच्या तलावावर उतरत आणि तेथून कारखान्याकडे आणली जात. डाकोटा येत, बाँबफेकी विमाने येत, आणि विमानांपासून सोडवलेली इंजिने तर सतत येत. म्हैसूर संस्थानातील आणि आसपासच्या मुलुखांतील जे तरुण काल-परवापर्यंत सायकली व मोटारी दुरुस्त करीत होते, त्यांच्या हाती आता मायक्रोमीटर आले. सुतारकामात एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. येथे इंचाच्या हजाराव्या भागाची भाषा होती.

या साऱ्या कामाच्या केंद्रस्थानी जे इंजिन होते त्याची थोडी ओळख करून घ्यायला हवी. अमेरिकेतील प्रॅट अँड व्हिटनी कंपनीच्या या इंजिनाचे नाव ट्विन वास्प, म्हणजे जुळी गांधीलमाशी. चौदा सिलिंडर, सातसातांच्या दोन रांगांत, सूर्याच्या किरणांप्रमाणे मध्याभोवती मांडलेले. पाणी नाही, रेडिएटर नाही. समोरून येणाऱ्या वाऱ्याने ते थंड होते, म्हणून प्रत्येक सिलिंडरवर धातूच्या पातळ पाकळ्यांची दाट झालर असते. प्रत्येक सिलिंडरचा व्यास साडेपाच इंच आणि दट्ट्याची धावही साडेपाच इंच. चौदांचे मिळून घनफळ १,८३० घन इंच भरते, आणि म्हणूनच अमेरिकन सैन्याच्या दप्तरात या इंजिनाचे नाव 'आर-१८३०' असे पडले. डाकोटाला हेच इंजिन, कॅटलिनाला हेच, आणि लिबरेटर या चार इंजिनांच्या अवाढव्य बाँबफेकी विमानालाही हेच. या घराण्याची सुमारे पावणेदोन लाख इंजिने बनली. इतक्या संख्येने बनलेले दुसरे विमानी पिस्टन-इंजिन जगात नाही. मागणी इतकी होती की मूळ कंपनीचा कारखाना अपुरा पडला आणि ब्यूक व शेव्हरोले या मोटारी बनवणाऱ्या कंपन्यांनाही ही इंजिने बनवावी लागली.

संकटाचे मूळ येथेच आहे. घराणे एक असले तरी त्यातील प्रत्येक व्यक्ती वेगळी असते. 'आर-१८३०' हे झाले आडनाव. त्यापुढे आणखी एक आकडा असे आणि तोच खरे नाव सांगे. लिबरेटरवरील इंजिने ४३ किंवा ६५ क्रमांकाची, डाकोटावरील बहुतेक ९२ क्रमांकाची. अमेरिकन दप्तराची रीत अशी होती की विषम आकडा भूसेनेने मागवलेल्या इंजिनाला आणि सम आकडा नौदलाने मागवलेल्या इंजिनाला. पण युद्धाच्या धामधुमीत नौदलाचा आकडा धारण करणारे इंजिन भूसेनेच्या डाकोटावर सर्रास बसलेले दिसे. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही इंजिने सख्ख्या भावांसारखी. पण एक कमी उंचीवर ओझी वाहणारे, तर दुसरे पंचवीस हजार फुटांच्या विरळ हवेत श्वास घेण्यासाठी सजवलेले. ज्याने केवळ चेहरा पाहून भाग उचलला, तो फसला.

आता हे इंजिन श्वास कसा घेते ते पाहू. डाकोटामध्ये बाहेरची हवा प्रथम कारबुरेटरमध्ये येते, तेथे तिच्यात पेट्रोल मिसळते, आणि हे मिश्रण इंजिनाच्या पाठीशी असलेल्या एका वेगवान पंख्यात शिरते. तो पंखा इंजिनाच्याच दातेरी चाकांवर फिरतो आणि मिश्रण दाबून चौदा नळ्यांत ढकलतो. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र नळी. लिबरेटरमध्ये याआधी आणखी एक टप्पा असतो. इंजिनातून बाहेर पडणारा तप्त धूर एक चाक फिरवतो, ते चाक हवा दाबते, दाबलेली हवा तापते म्हणून तिला वाटेत थंड करतात, आणि मगच ती कारबुरेटरपर्यंत पोचते. म्हणजे वाट लांबली आणि वाट जितकी लांब तितके तिच्यावरचे सांधे अधिक.

त्या चौदा नळ्यांचे दोन्ही टोकांचे सांधे वेगवेगळ्या प्रकारचे असतात. सिलिंडरकडच्या बाजूला सपाट तोंडाला सपाट तोंड भिडते आणि मध्ये पातळ पॅकिंग असते. पंख्याकडच्या बाजूला नळी एका खोबणीत सरकवून तिच्याभोवती रबराचे कडे घालतात आणि आट्यांच्या नटाने ते दाबतात. हा फरक उगाच केलेला नाही. इंजिन तापले की सिलिंडर वाढतो आणि नळीला किंचित बाहेर ओढतो. दोन्ही टोके घट्ट जखडली असती तर नळी फाटली असती. म्हणून एका टोकाला तिला हलण्याची मुभा दिलेली आहे. परंतु ही मुभा मोजकी आहे. नळी दुसऱ्या जातीच्या इंजिनाची, बाक किंचित निराळा, लांबी थोडी कमी, असे झाले तरी ती जोर लावून बसते. बसते, पण सांधा तिरका राहतो आणि रबराचे कडे एका अंगाला चेपते व दुसऱ्या अंगाला सैल पडते.

अशा सांध्याचा स्वभाव फार कपटी असतो. समुद्रसपाटीवर हवेचा दाब पाऱ्याच्या सुमारे ३० इंचांएवढा असतो. इंजिन मंद चालत असताना नळीतील दाब त्याहून पुष्कळ कमी असतो, त्यामुळे फटीतून बाहेरची हवा आत शोषली जाते. त्या एका सिलिंडरचे मिश्रण पातळ होते, इंजिन अडखळते, कधी कारबुरेटरच्या दिशेने उलटा बार निघतो. उड्डाणाच्या वेळी नेमके उलट होते. डाकोटाच्या इंजिनाला पूर्ण जोर लावला की नळीतील दाब ४८ इंचांपर्यंत चढतो आणि पेट्रोल मिसळलेली हवा त्याच फटीतून बाहेर, तापलेल्या धुराच्या नळ्यांच्या शेजारी, फुसफुसू लागते. एकच फट मंद गतीत इंजिनाला आजारी करते आणि पूर्ण गतीत आगीचा धोका निर्माण करते. आजाराची लक्षणे दोन, मूळ एक. ज्याला इंजिनाच्या श्वासाची वाट ठाऊक नाही तो कारबुरेटर बदलीत बसेल, ठिणगीचे प्लग बदलील आणि फट तशीच राहील.

आता सिलिंडरच्या डोक्याकडे, म्हणजे हेडकडे वळू. मोटारीच्या इंजिनाचे हेड बोल्ट सोडून उचलता येते. या इंजिनात तशी सोय नसते. सिलिंडरची नळी पोलादी असते आणि हेड ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे. हेडला आतून आटे पाडून ते तापवतात आणि पोलादी नळीवर फिरवून बसवतात. निवल्यावर ते आकसते आणि नळीला मगरमिठी मारते. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवताना आपल्या गावचा लोहार जे करतो तेच हे, फक्त हजाराव्या इंचाच्या मापात. त्यामुळे हेड आणि सिलिंडर हा एकच जीव मानावा लागतो. चौदांपैकी एक खराब झाला तर तेवढाच काढून दुसरा घालता येतो, ही या रचनेची मोठी सोय. आणि तो दुसरा कोठून आला हे पाहावे लागते, हीच मोठी जबाबदारी. थंडाव्याच्या पाकळ्यांची घडण निराळी असेल, नळीचे तोंड ज्या भोकाशी भिडते ते किंचित सरकलेले असेल, सिलिंडर आधीच्या दुरुस्तीत घासून रुंद केलेला असेल आणि दट्ट्या मात्र मूळ मापाचा असेल. यांतील कोणतीही गोष्ट बोल्ट बसवताना आडवी येत नाही. तोंडाशी नुसती नखाएवढी पायरी राहिली तरी मिश्रणाचा ओघ तेथे अडखळतो आणि त्या सिलिंडरला वाटा कमी मिळतो. पाकळ्यांमधून वारा नीट खेळला नाही तर हेड तापते. पूर्ण जोरात मिश्रण वेळेआधी स्फोटासारखे पेटते, हातोडीचे घाव घातल्यासारखा दट्ट्यावर मार बसतो, आणि काही मिनिटांत दट्ट्याला भोक पडते किंवा हेडला चीर जाते.

आणि हे सारे वैमानिकाला दिसते का? त्या काळच्या विमानांत सामान्यतः चौदांपैकी एकाच सिलिंडरच्या हेडखाली उष्णता मोजणारी तार बसवलेली असे. काटा त्या एकाचे तापमान दाखवी. उरलेल्या तेरांपैकी एखादा जळत असला तरी काटा शांत राही. म्हणजे जमिनीवर ज्या हाताने सांधा जुळवला, त्या हातावर आकाशातील माणसाला डोळे मिटून विश्वास ठेवावा लागे. या कामातील खरी जोखीम ही होती. चूक एकाची, तिचे मोल दुसऱ्याने भरायचे, आणि भरताना त्याला चूक कोठे झाली हे कळूही नये!

ही विद्या युद्धाच्या काळात बंगळुरात रुजली. तिची कसोटी मात्र युद्ध संपल्यावर लागली. अमेरिकेने दोस्त राष्ट्रांना जी युद्धसामग्री 'लेंड-लीज' कायद्याखाली दिली होती, तिच्याविषयीची अट अशी की युद्धानंतर ती परत करावी किंवा निकामी करावी. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढलेली ब्रिटिश वायुदलाची लिबरेटर विमाने मोठ्या संख्येने कानपूरच्या चकेरी तळावर आणून उभी केली गेली आणि ती पुन्हा कोणाच्या कामी येऊ नयेत अशी तजवीज झाली. उपकरणे हातोड्याने फोडली, इंजिनांत वाळू टाकली, यंत्रे चालवून सांगाडे चेचले, असे त्या काळचे जाणकार सांगत आले आहेत. ११० फुटी पंखांची ती विमाने उन्हापावसात गंजत पडली.

एवढ्यात देश स्वतंत्र झाला आणि दोनच महिन्यांत काश्मीरवर संकट आले. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी डाकोटांनी पहिली पलटण श्रीनगरला उतरवली. त्या डाकोटांच्या पंखांवर हीच जुळी गांधीलमाशी गुणगुणत होती. २४ मे १९४८ रोजी मेहरसिंग यांनी डाकोटा थेट लेहच्या धावपट्टीवर, दहा हजार फुटांहून अधिक उंचीवर नेऊन उतरवली. परंतु वायुदलापाशी मोठे बाँबफेकी विमान एकही नव्हते. डाकोटाच्या उघड्या दारातून हातांनी बाँब ढकलण्याची पाळी आली. नवी विमाने विकत घ्यायला पैसा नव्हता आणि कोणी तत्परतेने विकायलाही तयार नव्हते. तेव्हा कानपूरच्या त्या मोडीकडे लक्ष गेले, आणि काम बंगळूरच्या कारखान्याकडे आले.

चकेरीला जाऊन कारागिरांनी प्रथम एवढेच केले की एकेक सांगाडा एका उड्डाणापुरता सावरला. या विमानाची चाके, त्या विमानाचे पंख्याचे पाते, तिसऱ्याचे इंजिन. मग कारखान्याचे चाचणी-वैमानिक जमशेद मुन्शी ते विमान कानपूरहून बंगळूरला, सुमारे दीड हजार किलोमीटर, उडवत नेत. एकामागून एक अशी सुमारे चाळीस विमाने त्यांनी आणली. ज्या इंजिनांच्या पोटात काय आहे हे पुरते पाहायला सवड मिळाली नव्हती, अशा चार-चार इंजिनांच्या भरवशावर केलेले ते प्रवास होते. त्यांच्या धैर्याविषयी जितके बोलावे तितके थोडे.

पण आपला विषय त्यानंतरचा आहे. बंगळूरला पोचल्यावर एका उड्डाणापुरती केलेली तडजोड पुरेशी नव्हती. हिशोब करून पाहा. चाळीस विमाने म्हणजे १६० इंजिने. १६० इंजिने म्हणजे २,२४० सिलिंडर आणि तितक्याच श्वासनळ्या. प्रत्येक नळीचे दोन सांधे धरले तर साडेचार हजारांहून थोडे कमी सांधे, आणि यांपैकी कोणत्याही एकाला विमान खाली आणण्याची ताकद. ४३ आणि ६५ क्रमांकांची इंजिने, वेगवेगळ्या कारखान्यांत बनलेली, वेगवेगळ्या मोहिमांत झिजलेली, वाळूने खरवडलेली. सारी मोट शब्दशः आवळ्यांची होती.

अशा वेळी दोन मार्ग समोर असतात. एक, जाड पॅकिंगचा: जे हाती येईल ते बसवावे, उरलेली फट बुजवावी आणि वेळ मारून न्यावी. दुसरा, संथ आणि कंटाळवाणा: इंजिन पूर्ण सोडवावे, प्रत्येक भाग धुवून त्यावरचा कोरलेला क्रमांक वाचावा, क्रमांक पुस्तकाशी ताडावा, मग माप घ्यावे, चीर आहे की नाही ते तपासावे, आणि ज्याचे गोत्र ठरत नाही तो भाग दिसायला कितीही धडधाकट असला तरी बाजूला ठेवावा. जुळणारे भाग एकत्र करून एक इंजिन पुरे करावे. चार इंजिनांतून तीनच झाली तर तीनच होऊ द्यावीत. पॅकिंग हे दोन चांगल्या तोंडांमधला बारीक खरखरीतपणा भरून काढण्यासाठी असते, दोन न जुळणाऱ्या तोंडांचे भांडण झाकण्यासाठी नव्हे, हा या विद्येचा पहिला धडा आहे. तोंड वाकडे असेल तर ते घासून सपाट करावे. घासून भिंत पातळ होणार असेल तर भाग टाकून द्यावा. शेवटी पुरे झालेले इंजिन विमानावर चढवण्यापूर्वी चाचणीच्या चौथऱ्यावर बांधून मंद गतीपासून पूर्ण जोरापर्यंत चालवावे, कारण वर सांगितलेली फट दोन्ही टोकांना आपले दोन चेहरे दाखवते आणि मधल्या गतीत ती शहाण्यासारखी गप्प बसते.

बंगळूरने कोणता मार्ग धरला हे पुढच्या घटनांनी सिद्ध केले. १९४८ च्या नोव्हेंबरमध्ये पहिली सहा लिबरेटर विमाने वायुदलाच्या पाचव्या तुकडीच्या स्वाधीन झाली. १९५१ च्या आरंभी सहावी तुकडीही लिबरेटर घेऊन पुण्याच्या लोहगाव तळावर उभी राहिली आणि समुद्रावर गस्त घालण्याचे काम तिने वर्षानुवर्षे केले. १९६८ पर्यंत ही विमाने उडत होती. जगात अठरा हजारांवर लिबरेटर बनली, बहुतेक युद्धानंतर दोन-चार वर्षांतच वितळवली गेली. ज्यांना मुद्दाम निकामी केले होते ती मात्र आपल्याकडे वीस वर्षे सेवा करीत राहिली. जाड पॅकिंगवर चाललेले इंजिन वीस वर्षे टिकत नाही.

अलीकडे 'जुगाड' हा हिंदी शब्द मराठीतही रुळला आहे, आणि कमी साधनांत काम भागवण्याच्या आपल्या कसबाचे त्या नावाने कौतुक होते. कानपूरहून बंगळूरला झालेले ते एकेक उड्डाण जुगाड होते असे कोणी म्हणाले तर मी वाद घालणार नाही. परंतु बंगळूरच्या छपराखाली जे घडले ते जुगाडाच्या अगदी उलट होते. साधने कमी होती म्हणूनच माप अधिक काटेकोर ठेवावे लागले. ज्याच्याकडे नवे भाग भरपूर आहेत त्याला डोळे झाकून बसवले तरी चालते. ज्याच्याकडे मोड आहे त्याला प्रत्येक तुकड्याची ओळख पटवावी लागते. गरिबीने ढिलाई माफ होते ही समजूत येथे खोटी ठरली.

याबरोबर या यशाची मर्यादाही सांगितली पाहिजे. दुसऱ्याच्या इंजिनाचे गोत्र ओळखणे आणि आपले इंजिन घडवणे या दोन विद्या आहेत. पहिलीतून दुसरी आपोआप निपजत नाही. हे ज्यांनी वेळीच ओळखले त्यांत डॉक्टर विष्णू माधव घाटगे यांचे नाव मराठी माणसाने आवर्जून घ्यावे. कोल्हापूरकडच्या या विद्वानाने जर्मनीत ग्योटिंगेन येथे प्रांटल या थोर शास्त्रज्ञाच्या हाताखाली १९३६ साली डॉक्टरेट मिळवली आणि वालचंदांच्या कारखान्यात अगदी आरंभी पाऊल ठेवले. १९४२ च्या डिसेंबरात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत विमानविद्येचा विभाग निघाला तो त्यांच्याच नेतृत्वाखाली. एकीकडे छपराखाली हात मोडीतून शिकत होते, दुसरीकडे वर्गात डोकी मूळ तत्त्वांपासून शिकत होती. ५ ऑगस्ट १९५१ रोजी घाटगे यांनी आराखडा केलेले एच. टी. २ हे शिकाऊ विमान उडाले. उडवणारे वैमानिक तेच जमशेद मुन्शी. विमान आपले होते. इंजिन मात्र अजून परदेशचे होते, प्रथम जिप्सी मेजर आणि पुढे सिरस मेजर. पुढील काळात ऑर्फियस जातीची जेट इंजिने परवान्याखाली बंगळुरातच बनू लागली. १९६४ साली कंपनीचे नाव हिंदुस्थान एरोनॉटिक्स झाले. तरीही स्वतःच्या आराखड्याचे विमानी इंजिन ही गोष्ट किती अवघड असते, याचा अनुभव देशाने त्यानंतरच्या अनेक दशकांत घेतला आहे. जुळणीच्या विद्येचा अभिमान बाळगताना ही उणीव विसरता कामा नये.

तथापि अभिमान बाळगण्याजोगे जे आहे त्याचा पुरावा आज आपल्या देशाबाहेरच अधिक पाहायला मिळतो. लिबरेटर विमाने जगातून नाहीशी झाल्यावर संग्रहालयांना त्यांची आठवण झाली, आणि तेव्हा ती शाबूत अवस्थेत प्रामुख्याने भारतातच उरली होती. ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्स संग्रहालयात, कॅनडात ऑटवा येथे, अमेरिकेत ॲरिझोनातील पिमा येथे जी लिबरेटर विमाने उभी आहेत, ती आपल्या वायुदलाकडून गेलेली आहेत. त्यांच्यासमोर उभा राहणारा प्रेक्षक बाँब कोठे ठेवीत आणि तोफा कोठे होत्या ते पाहतो. वाकून इंजिनाच्या आत डोकावणारा एखादाच. त्याने डोकावले तर त्याला सिलिंडरच्या रांगांमधून वळत गेलेल्या नळ्या दिसतील, आणि प्रत्येक नळीच्या टोकाशी एक लहानसा सांधा दिसेल. तो कोणी जुळवला, त्याचे नाव तेथे लिहिलेले नसते. सांधा चांगला जुळला की तो दिसेनासा होतो, आणि जुळवणाराही त्याच्याबरोबर. त्या अनामिकांनी मोडीत टाकलेल्या विमानांना वीस वर्षांचे आयुष्य दिले, आणि त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवणाऱ्यांना सुखरूप घरी आणले, एवढे आपण लक्षात ठेवावे.